पुळिमूट्टिलचा वैद्य

आमच्या काजूच्या कारखान्यात बसायची जागा सासूकडून सुनेकडं जाते. तसा काही नियम नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. फोडणाऱ्या बायकांची रांग भिंतीला पाठ लावून बसते. प्रत्येकीपुढं एक दगड, हातात लाकडाची मोगरी, मांडीशी राखेचं वाडगं. भाजलेल्या काजूचं टरफल फुटलं की तेल उडतं आणि लागेल तिथं कातडं उततं, म्हणून बोटं सारखी राखेत बुडवायची. तरी ती काळी पडायची ती पडतातच. कोल्लमच्या बाजारात आम्ही पैसे पुढं केले की काही दुकानदार म्हणतात, "फळीवर ठेव बाई." हातातून घेत नाहीत.

सुधर्मा माझ्या डाव्या हाताला बसायची. तिच्याआधी त्याच दगडापुढं तिची सासू बसली, कुंजम्मा. तिला सगळी रांग अम्माच म्हणते. त्यांचं घर माझ्या घराला लागून. विहीर एक, मधे कुंपण म्हणून नुसती जास्वंद. सुधर्माचा नवरा प्रसन्नन बाजारात हमाली करतो, बोलायला कमी. पोरगी लग्न होऊन लांब गेली. आणि मी रत्नम्मा. मला तोंड फार आहे असं लोक म्हणतात, ते खरंच आहे.

मिथुनम, म्हणजे पहिल्या पावसाचा महिना, सरत आला होता. पाऊस दोन-दोन दिवस न थांबता पडत होता आणि कारखान्याच्या कौलांतून पाणी आमच्या पाठीवर गळत होतं. त्या दुपारी सुधर्माची मोगरी हातातून सुटून माझ्या घोट्यावर आली.

"अगं, माझा पाय काजू आहे का?" मी म्हटलं.

ती हसली नाही. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसली. बोटांचे सांधे आवळ्याएवढे सुजले होते, वरची कातडी ताणून चमकत होती. मला त्या दिवशी कळलं की पहाटे उठल्यावर तिचे हात मिटतच नाहीत. ब्लाउजची बटणं अम्मा लावून देते. चुलीवरचं भांडं ती दोन मनगटांच्या मधे धरून उतरवते. बरेच महिने चाललं होतं हे. शेजारी बसून मला दिसलं नाही, कारण राखेत सगळ्यांचेच हात सारखे दिसतात.

मुकादम बाई येऊन उभी राहिली. तिनं सुधर्माच्या पुढ्यातला गर पाहिला. तुकडे-तुकडे झालेला होता.

"कर्किडकम महिन्यात कारखाना बंदच आहे," ती म्हणाली. "पुढचा चिंगम महिना लागला की उघडेल. हात धड झाले तर ये. नाही झाले तर ही जागा मी रिकामी ठेवणार नाही. बाहेर किती जणी उभ्यात बघ."

सुधर्मानं मान हलवली. पडलेली मोगरी उचलायला ती वाकली, पण तिची बोटं मोगरीभोवती वळेनात. मीच उचलली.

कर्किडकम म्हणजे आमच्याकडं रिकाम्या डब्यांचा महिना. पाऊस, काम नाही, आणि ज्याला-त्याला हाडं आठवतात. या महिन्यात घेतलेलं औषध हाडापर्यंत पोचतं असं जुनी माणसं सांगतात. घरोघरी औषधी पाला घालून तांदळाची पेज शिजते. अम्मानं पेज केली होती आणि आम्ही चौघं त्यांच्या ओसरीवर वाडगी घेऊन बसलो होतो.

"पंचायतीच्या आयुर्वेद दवाखान्यात घेऊन जा हिला," मी म्हटलं. "लतिका आहे तिथं. सरकारी डॉक्टर. लांबून लोक येतात तिच्याकडं."

"कोण लतिका?" अम्मा म्हणाली. "चेल्लम्माची?"

"तीच."

अम्मा पेज फुंकत राहिली. "चेल्लम्मा माझ्या उजव्या हाताला बसायची. ही पोरगी मागं पोत्यावर झोपलेली असायची, शेंबूड गळत. राखेच्या हातानं मी हिचं नाक पुसलंय. तिच्याकडून मी औषध घेऊ?"

"नाक पुसलं म्हणून ती शिकली नाही असं होतं का? साडेपाच वर्षं कॉलेज करून आलीय ती."

"शिकली असेल. औषध शिकून येत नाही, रत्नम्मा. औषध घरात असतं. पुळिमूट्टिल घरात आहे."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. पण पुळिमूट्टिलचं नाव निघालं की अम्मापुढं कुणाचं चालत नसे. प्रसन्नन अंगावर पीत असताना त्याला आकडी आली होती आणि पोर निळं पडलं होतं. पुळिमूट्टिलचे म्हातारे वैद्य खाडी ओलांडून, धोतर गुडघ्यावर खोचून, पावसातून चालत आले होते. सकाळपर्यंत पोराजवळून उठले नाहीत. काही घेतलं नाही, नुसतं एक शहाळं प्यायले. ही गोष्ट आमच्या आळीत प्रत्येकाला पाठ आहे. प्रसन्नननं एवढंच म्हटलं, "अम्मा म्हणते तर जाऊ."

आमच्याकडं माणसाला घराच्या नावानं ओळखतात. पुळिमूट्टिल म्हणजे चिंचेच्या बुंध्याशी असलेलं घर. दोन बस बदलून आम्ही तिथं पोचलो तेव्हा चिंच होती, घर होतं, फाटकावर नाव होतं. अम्मा सांगायची तीच कौलं, तोच लाकडी खांबांचा ओटा. बायका-माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन ओट्याखाली बसली होती. अम्मानं चपला फाटकाबाहेर काढल्या, ओल्या अंगणातून अनवाणी गेली आणि ओट्याच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. तिचे डोळे भरून आले होते.

वैद्य पन्नाशीचा होता. कमरेला गुंडाळलेलं पांढरं मुंडू, कपाळावर चंदन, बोलणं मऊ. मागं फळीवर तेलाच्या बाटल्या ओळीनं.

"आजोबांनी माझं पोर वाचवलं," अम्मा त्याला म्हणाली. "तुम्ही नातू ना?"

तो हसला आणि हात जोडले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी हे बघितलं, पण तेव्हा मला वाटलं माणूस विनयी आहे.

त्यानं सुधर्माचं मनगट धरलं, जेमतेम दोन श्वास. भूक विचारली नाही, झोप विचारली नाही, सांधा दाबून पाहिला नाही. वात आहे म्हणाला. एक तेल दिलं आणि कागदात बांधलेल्या करड्या पुड्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या.

"या पुडीत काय आहे हो?" मी विचारलं.

"घराण्याचं औषध आहे, चेची." चेची म्हणजे ताई.

"आणि तुमचं शिक्षण कुठं झालं?"

अम्मानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की घरी गेल्यावर वळ दिसला. वैद्य रागावला नाही. त्यानं वर छताकडं बोट केलं. "या घरात आल्यावर असं कुणी विचारत नाही," तो म्हणाला.

ओट्याखालची माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली.

आणि औषधानं गुण आला. खोटं कशाला सांगू? चारच दिवसांत सूज उतरायला लागली. आठवडा झाला तेव्हा मी विहिरीवर गेले, तर सुधर्मा एकटीच घागर ओढत होती. दोर तिच्या मुठीत घट्ट होता.

"चेची, बघ," ती म्हणाली. तिनं मूठ वळली, उघडली, परत वळली. पावसात उभी राहून पोरीसारखी तेच तेच करत राहिली. "आज मी केस स्वतः बांधले. खोबरं खवलं. यांना म्हटलं, आता माझ्याशी नीट वागा, हाताला जोर आलाय."

मला रडू आलं. वैद्याला विचारलं होतं त्याची लाजही वाटली. अम्मा ओसरीवर बसून मिरवत होती. "चेल्लम्माच्या पोरीकडं ने म्हणत होतीस ना? ने आता."

चिंगम लागला, कारखाना उघडला. सुधर्मानं पहिल्या दिवशी असा काजू फोडला की मुकादम बाई दोनदा येऊन बघून गेली. गर अख्खा, पांढराशुभ्र. जागा राहिली. ओणमचे दिवस जवळ आले होते, रांगेत गाणी चालायची. सुधर्माचा चेहराही भरला होता. गाल गोल, लाल.

"सासू काय खाऊ घालते गं?" पलीकडून कुणीतरी टोमणा मारला. "आमच्या सासूला सांग की जरा."

"पुळिमूट्टिलच्या पुड्या," सुधर्मा हसून म्हणाली. तेव्हापासून रांगेतल्या तिघी-चौघी तिकडं जायला लागल्या.

मी शेजारीच बसत होते. चेहरा गोल झाला, पण हात-पाय काटक्यांसारखेच होते. दंडावर निळे डाग उठत होते, कुठं आपटलं नसताना. तेल उडून मनगटावर जखम झाली होती, ती ओणम झाला तरी ओलीच. सारखं पाणी प्यायची. मी एकदा म्हटलं, "ही जखम का गं भरत नाही?"

"तुझी नजर लागली असेल," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "चेची, मला काही सांगू नकोस. मला हात परत मिळालेत. मी कशाला दुसरं ऐकू?"

मोगरी सुटण्याची भीती काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. मी राखेचं वाडगं तिच्याकडं सरकवलं.

ओणमनंतर पुड्या संपल्या. प्रसन्नन आणायला गेला तर पुळिमूट्टिलच्या फाटकाला कुलूप. वैद्य कुठं तीर्थाला गेलाय म्हणाले, कधी येईल सांगता येत नाही. सुधर्मा म्हणाली, "राहू दे, आता बरीच आहे मी." पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून तिला अन्न जाईना. सांधे परत ठणकायला लागले, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्यातला जीवच कुणी काढून घेतल्यासारखी ती झाली. तरी कामावर आली. जागा जाईल ही धास्ती. सकाळभर ती मोगरी उचलत होती आणि ठेवत होती. मग ती पुढं वाकली आणि टरफलांच्या ढिगात तोंडावर पडली.

आम्ही तिला उताणी केली. तोंडाला टरफलाचं तेल लागलं होतं, अंग गार आणि घामानं थबथबलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. दोघी-तिघींनी उचलून रिक्षात घातली. जिल्ह्याचं इस्पितळ लांब. वाटेत पंचायतीचा दवाखाना लागतो. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "इथं थांबव."

डॉक्टर लतिका रांगेतल्या पेशंटला सोडून रिक्षापाशीच आली. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. आधी नाडी धरली, मग यंत्राचा पट्टा दंडाला बांधून दाब बघितला. तिनं सुधर्माचा गोल चेहरा बघितला, दंडावरचे डाग बघितले, ओली जखम बघितली. मग माझ्याकडं वळली.

"काय घेत होती ही?"

"पुळिमूट्टिलच्या पुड्या. सांध्यांसाठी."

"किती दिवसांत गुण आला?"

"चार दिवसांत."

तिनं डोळे मिटले, उघडले. "आणि पुड्या कधी बंद झाल्या?"

मी सांगितलं. तिनं आतून एक चिठ्ठी लिहून आणली, पण चिठ्ठी देऊन थांबली नाही. रांगेला "उद्या या" म्हणाली आणि आमच्याबरोबर रिक्षात बसली. वाटभर सुधर्माचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिच्या पांढऱ्या कोटाला काळं तेल लागत होतं. इस्पितळात ती धावतच आत गेली. तिथल्या डॉक्टरांना काय ते भराभर सांगितलं, आणि त्यांनी लगेच सुई टोचून सलाईन लावली.

संध्याकाळी सुधर्मानं डोळे उघडले. मला ओळखलं. "माझी जागा?" असं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. मला तरी कुठं ठाऊक होतं.

बाहेर बाकावर प्रसन्नन, अम्मा आणि मी. लतिका येऊन उभी राहिली. थकलेली दिसत होती.

"पुडीचा कागद सापडला तर द्या, तपासायला पाठवू," ती म्हणाली. "पण मला अंदाज आहे. त्यात इंग्रजी औषध मिसळलंय, स्टेरॉईड. त्यानं सूज झटक्यात उतरते. ते औषध वाईट नाही, डॉक्टर मोजून देतात. पण असं न सांगता, न मोजता महिना-दोन महिने पोटात गेलं की शरीर स्वतः जे बनवतं तेच बनवायचं विसरतं. मग पुडी एकदम बंद झाली की असं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर ती उठली नसती."

प्रसन्नननं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आमच्या आयुर्वेदात सांधे चार दिवसांत बरे होत नाहीत, अम्मा. हळू होतं. कुणी चार दिवस म्हणालं तर घाबरायचं." ती अम्माशीच बोलत होती. "तुम्ही त्यांना नंबर विचारला होता का?"

"कसला नंबर?" मी विचारलं.

"शिकलेल्या वैद्याचं नाव सरकारी कौन्सिलमध्ये नोंदलेलं असतं. त्याला नंबर मिळतो. तो भिंतीवर लावायचा असतो. दिसला नाही तर विचारायचा, आणि नुसता ऐकायचा नाही, कौन्सिलला फोन करून त्याच नावाचा आहे का बघायचं. माझाही विचारा. मला राग येणार नाही."

अम्मा तिच्याकडं बघत नव्हती. इस्पितळाच्या फरशीकडं बघत होती.

सुधर्मा थोडी सावरल्यावर एका सकाळी अम्मा माझ्या दारात येऊन उभी राहिली. नेसायचं मुंडू धुतलेलं, हातात छत्री. "चल," म्हणाली. "तुझ्या तोंडाची गरज आहे."

प्रसन्नन होताच. पुळिमूट्टिलचं फाटक या वेळी उघडं होतं. ओट्याखाली माणसंही होती. अम्मानं चपला काढल्या नाहीत. अंगणात मधोमध थांबली आणि तिनं पहिल्यांदाच नीट आजूबाजूला बघितलं. मीही बघितलं. चिंच सोडली तर एक झाड नव्हतं. सगळीकडं सिमेंटच्या लाल फरश्या.

"इथं अडुळसा होता," अम्मा म्हणाली. "तिकडं निर्गुडी. चिंचेवर गुळवेल होती. म्हातारे वैद्य औषध देताना आधी इथं वाकून पान तोडायचे."

वैद्य ओट्यावर आला. आम्हाला ओळखून त्याचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार होते, पण अम्मानंच विचारलं.

"तुमचा नंबर काय?"

"कसला नंबर, अम्मा?"

"मग दुसरं विचारते. त्या म्हाताऱ्यांचे तुम्ही कोण?"

पाऊस भुरभुरत होता. त्यानं ओट्याखालच्या माणसांकडं एकदा बघितलं. मग ओट्याच्या कडेला बसला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "त्यांची मुलं आखाती देशात, कुणी बँकेत. औषधाला कुणीच हात लावला नाही. म्हातारे गेल्यावर त्यांनी घर विकलं, मी घेतलं. मी औषधांच्या दुकानात तेल विकायचो. घर घेतलं, घराचं नाव बरोबर आलं."

"आणि वैद्यकी?"

"मी नाही म्हणत होतो हो. सामान उतरवत होतो तेव्हापासून माणसं यायला लागली. तुमच्यासारखीच. चपला काढायची, पायरीला हात लावायची, रडायची. मी वैद्य नाही म्हटलं तर म्हणायची, रागावू नका, लांबून आलोय. मग एकीला तेल दिलं, दुकानातलं. तिला बरं वाटलं. ती दहा जणांना सांगून आली." त्यानं चंदनावरून हात फिरवला. "पुड्या एक जण आणून द्यायचा. त्यात काय असतं मी विचारलं नाही."

"तुम्ही नाही विचारलं," मी म्हटलं. "मी विचारलं तर छत दाखवलंत."

प्रसन्नन पुढं झाला. पोती उचलून उचलून त्याची मान खांद्यात गेलीय, पण हात असे आहेत की वैद्य मागं सरकला. प्रसन्नननं त्याला हात लावला नाही. नुसता म्हणाला, "मरत होती माझी बायको."

अम्मा ओट्याखालच्या माणसांकडं वळली. "ऐकलंत ना? हा वैद्य नाही. स्वतःच्या तोंडानं सांगतोय."

एक-दोघं उठली. बाकीची बसूनच राहिली. लांबून आली होती. एक म्हातारा म्हणाला, "अहो पण मला गुण आलाय."

परतीच्या बसमध्ये अम्मा खिडकीशी बसली. पुलावर बस आली तेव्हा ती म्हणाली, "मी घराला हात जोडले, रत्नम्मा. माणसाकडं बघितलंच नाही." मी तिचा हात धरला. तिचीही बोटं काळी आणि वाकडी आहेत, कामानं.

तक्रार लतिकानं केली. चौकशीला माणसं येऊन गेली म्हणतात. फाटकावरचं नाव काही निघालं नाही, ते घराचंच नाव आहे. सुधर्माची जागा मुकादम बाईनं तेव्हाच दुसरीला दिली होती. आम्ही भांडलो, मोगऱ्या खाली ठेवून अर्धा दिवस बसून राहिलो. साल काढणाऱ्यांच्या खोलीत घेऊ एवढं कबूल झालं, तेही हात चालले तर.

म्हणून आम्ही तिला लतिकाच्या दवाखान्यात नेलं. इस्पितळातून सोडताना गोळ्या एकदम नाही, हळूहळू उतरवायच्या सांगितल्या होत्या. पुढचं सांध्यांचं तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं लतिका बघणार होती. दवाखान्यात गर्दी होती. सगळे ओळखीचे, आमच्याच आळीतले. आमची पाळी आली तशी अम्मा टेबलासमोर उभी राहिली, बसली नाही.

"तुझा नंबर काय, पोरी?"

लतिका खुर्चीतून उठली. शाळेत गुरुजींनी विचारल्यावर उभं राहतात तशी. मागच्या भिंतीवर पाटी होती. तिकडं न बघता तिनं नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा-सुटा. अम्माला वाचता येत नाही. तिनं मला म्हटलं, "बघ गं, तोच आहे का." मी पाटीवरचा वाचला. तोच होता. कौन्सिलला फोन प्रसन्नननं आदल्या दिवशीच करून घेतला होता, ते अम्मानं तिला सांगितलं नाही.

"आता बघ हिचा हात," अम्मा म्हणाली. "आणि खरं काय ते सांग. गोड नको."

लतिकानं सुधर्माचा हात टेबलावरच्या स्वच्छ फडक्यावर घेतला. एकेक बोट, एकेक सांधा. दाबून बघितलं, वळवून बघितलं, कुठं दुखतं ते चेहऱ्यावरून वाचलं. भूक विचारली, झोप विचारली, पाळी विचारली, पहाटे हात किती वेळ आखडतात ते विचारलं. हे सगळं होईपर्यंत मागची रांग कुरकुरायला लागली होती.

"ही दोन बोटं सरळ होणार नाहीत," ती शेवटी म्हणाली. "बाकीची वाचवता येतील. मोगरी परत धरता येणार नाही. सालं काढता येतील, बहुतेक. विषूपर्यंत, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत थांबावं लागेल."

सुधर्मा आपल्या हाताकडं बघत होती. "पुडीनं सगळी सरळ झाली होती," ती म्हणाली.

"हो," लतिका म्हणाली. "झाली होती."

सुधर्मा रडली. आवाज न करता, हात तसाच फडक्यावर ठेवून. लतिकानं तो सोडला नाही आणि घाईही केली नाही. अम्मानं पदरानं सुनेचं तोंड पुसलं. मग थोडं थांबून, त्याच पदराचं कोरडं टोक घेऊन, तिनं डॉक्टरच्या कोटाच्या बाहीवरचा काळा डाग घासून बघितला. टरफलाच्या तेलाचा डाग निघत नसतो, तिला काय ठाऊक नव्हतं?

आम्ही बाहेर बस थांब्यावर आलो. पाऊस जेमतेम थांबला होता. तिथं एक बाई उभी होती, परगावची, गुडघ्याला फडकं बांधलेली. काखेत पिशवी, पिशवीतून रिकाम्या बाटलीचं तोंड दिसत होतं.

"पुळिमूट्टिलला जायची बस इथंच मिळते ना?" तिनं विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सुधर्मानं पदराखालून हात बाहेर काढला, वाकड्या बोटांचा. "तिथल्या पुड्या खाल्ल्यात मी," ती म्हणाली. "आधी त्याला नंबर विचार. वैद्याचा नंबर असतो."

बाई हसली. "पुळिमूट्टिलला नंबर विचारायचा? माझ्या आईला त्या घरानं चालतं केलंय."

तेवढ्यात बस आली आणि ती चढली, कुणाची वाट न बघता. बस सुटणार तोच अम्मानं माझ्या हातातून छत्री घेतली.

"अम्मा, कुठं?" प्रसन्नन ओरडला.

"तू हिला घरी ने," असं म्हणत ती दांडी धरून वर चढली. खिडकीतून आम्हाला दिसलं, ती त्या बाईशेजारी जाऊन बसली, तिच्या मांडीवर हात ठेवला आणि बोलायला लागली. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हाही ती बोलतच होती.